ताई, तू लय एक्स्पोज होऊन राहिली

आमच्या प्रज्ञाताईच्या लग्नाच्या व्हिडिओत प्रज्ञाताई नाही. नवरदेवही नाही. व्हिडिओ मी काढला आहे.

तेव्हा मी अमरावतीत फिल्म बनवायचं शिक्षण घेत होते, आणि बाबांना ते शिक्षण वाटतच नव्हतं. त्यांच्या मते शिक्षण म्हणजे राजापेठेतला स्पर्धा परीक्षेचा क्लास. ताई माझी चुलत बहीण, मोठ्या बाबांची एकुलती एक. तिचं लग्न अकोल्याला ठरलं आणि बाबांनी मला भर घरात सगळ्यांसमोर गाठलं.

"प्रज्ञाच्या लग्नाची शूटिंग तूच कर. चांगली आली त शिक तुयं फिल्मचं. नाही आली त सोमवारपासून राजापेठ."

"करतो ना बाबा," मी म्हणाले. (जीभ माझी, पण ती माझ्या ताब्यात कधीच नसते.)

मोठ्या बाबांनी ठरलेल्या व्हिडिओवाल्याला त्याच दिवशी नको म्हणून कळवलं. म्हणजे सगळं लग्न आता माझ्या एकटीच्या कॅमेऱ्यात.

कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा, म्हणजेच एक्स्पोजर, हे आम्हाला नुकतंच शिकवलं होतं. कमी घेतला की चेहरे काळे, जास्त घेतला की सगळं पांढरं. सराव मी वरूडच्या संत्र्यांवर केला होता. (संत्री हलत नाहीत, आणि त्यांचे वडील समोर बसून डोळे वटारत नाहीत.) संत्री फार सुंदर आली होती. पण आम्हा बौद्धांच्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कुडत्यात आणि अर्धे पाहुणे पांढऱ्यात. जन्मापासून अशीच लग्नं जेवत आलेल्या मला हे कधी आठवावं? हॉलमध्ये कॅमेरा स्टँडवर चढवल्यावर! स्टेजमागचा पडदाही पांढराच होता. काळा कुर्ता घातलेली मी एकटी, कारण कॅमेरावाल्यांनी काळं घालायचं असतं असं मी कुठेतरी पाहिलं होतं.

एवढं पांढरं बघून कॅमेऱ्याने आपणहून उजेड कमी केला. ताईच्या साडीच्या वर नुसता अंधार दिसू लागला. मी घाबरून उजेड वाढवला. आता साडी, पडदा आणि ताई एकच होऊन गेले. उरल्या दोन भुवया आणि गळ्यातला हार. बाबा पहिल्या रांगेत बसून स्टेजकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

ताई हॅलोजनच्या अगदी खाली उभी होती. ती जरा मागे सरकली असती तर काम झालं असतं. बौद्धाचार्य पंचशील सुरू करण्याआधी क्षणभर थांबले, हॉल शांत झाला आणि मी हळूच म्हणाले, "ताई, मागं सरक वं, तू लय एक्स्पोज होऊन राहिली."

हळूच म्हणजे मला तसं वाटलं. जागा मिळाली म्हणून मी निवेदकाच्या माईकला खेटून उभी होते. माझं वाक्य भोंग्यातून बाहेर स्वयंपाक्यांपर्यंत गेलं.

हॉलमधली प्रत्येक मान ताईकडे वळली. ताईचा ब्लाउज मनगटापर्यंत होता. तरी मोठ्या आईने धावत जाऊन तिचा पदर ओढला. नवरदेवाच्या मावशीने त्याहून पुढची मजल मारली. सत्काराची शाल उचलून तिने ताईभोवती घट्ट गुंडाळली. अकोल्याच्या उन्हाळ्यात! शालही पांढरीच होती. कॅमेऱ्यातून आता भुवयाही गेल्या.

तेवढ्यात नवरदेवाच्या मिशीवाल्या काकांनी मला बोटाने बोलावलं. निघताना कोपर कॅमेऱ्याला लागलं, पण मागे वळून बघायची हिंमत नव्हती. काका मला स्टेजच्या बाजूच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या. स्टेजवर विधी सुरू झाला.

"काय म्हणलं तुमी आमच्या सुनेले?"

"तशी नाही जी, कॅमेऱ्यात. ताई कॅमेऱ्यात एक्स्पोज होऊन राहिली."

"कॅमेऱ्यात?" काकांचा आवाज चढला.

"एकटी ताई नाही जी. जवाईबापू बी होऊन राहिले. ते त जास्तच."

काकांची मिशी हलायला लागली. हे लग्न आता माझ्यामुळे मोडणार असं वाटलं. माफी मागायला मी नुसते हात जोडले. एका म्हातारीला वाटलं मी नमस्कार करतेय. "जयभीम बाई, जयभीम," ती म्हणाली. मग दुसरी म्हणाली. मग सगळ्या. शेवटी नाइलाजाने काकाही म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना रागावता येईना. लग्न वाचलं. मी मात्र विधी संपेपर्यंत हात खाली घेतले नाहीत.

पुढच्या रविवारी ताई-जावई अमरावतीला आले आणि सगळे मिळून टीव्हीसमोर बसले. मी दाराजवळ चप्पल घालूनच उभी होते.

आधी बराच वेळ पांढरा पडदा. "मी कुठी आहो?" ताईने विचारलं. मी हाराकडे बोट दाखवलं. मग माझ्या कोपराचा धक्का बसला आणि चित्र स्टेजवरून जे सरकलं ते कोपऱ्यात जाऊन थांबलं. स्टेजला जास्त झालेला उजेड त्या अंधाराला नेमका बसला होता. आवाज पंचशीलाचा, नवरानवरीच्या प्रतिज्ञांचा, टाळ्यांचा. आणि चित्रात शेवटपर्यंत काळ्या कुर्त्यातली मी, हात जोडून. डोळ्यातलं पाणीसुद्धा स्पष्ट.

ताई रडली. मग हसली. मग पुन्हा रडली. तिला मी आजही नीट तोंड दाखवू शकत नाही.

बाबांनी चित्र थांबवलं आणि चष्मा लावून जवळून पाहिलं. "हे मात्र चांगलं आलं."

मी त्या सोमवारपासून राजापेठेच्या क्लासला जाते. तिथल्या ओळखपत्रावर फोटो त्याच चित्राचा आहे. बाबांनी हात तेवढे कापले.