आमचं घर, त्यांचा अभ्यासदौरा

मॅडमनी आमच्या फ्रिजवर चादर टाकली.

आमच्या घरात, आमचीच चादर. आईच्या अंथरुणावरची ओढून घेतली आणि टाकली. विचारलं नाही. फ्रिज घेऊन आठवडाही झाला नव्हता, दारावरचं प्लॅस्टिकसुद्धा आईनं अजून काढलं नव्हतं. मॅडम दोन पावलं मागे सरल्या, खोलीकडे नीट बघितलं आणि मला म्हणाल्या, "त्यांना रिअल परिस्थिती बघायचीय गं. असलं काही दिसलं की ते कन्फ्यूज होतात."

ते म्हणजे डेन्मार्कहून आलेले बारा विद्यार्थी. समाजकार्य शिकणारे. भारतातली गरिबी आणि तिच्यावरची सरकारी धोरणं समजून घ्यायला दहा दिवस आले होते. त्यातला एक दिवस पन्हाळ्याला आणि एक दिवस चपला घ्यायला. राहिलेल्या आठ दिवसांत आम्ही त्यांना समजणार होतो.

मी कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला होते. मॅडम आमच्या विभागप्रमुख. वस्तीभेटीसाठी घर शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. आख्ख्या वर्गात वस्तीतली मी एकटीच होते.

आई राजारामपुरीतल्या एका मेसमध्ये चपात्या लाटते. त्या दिवशी माझ्यासाठी खाडा करून बसली होती. सकाळी उठून फरशी दोनदा पुसली होती. पाहुणे दारात आले. त्यातला एक पोरगा बूट काढायला खाली वाकला, तर मॅडम त्याला इंग्रजीत म्हणाल्या, "राहू दे, इथं चालतं."

इथं चालतं! स्वतःच्या घरात कामवालीची चप्पल फाटकाबाहेर काढायला लावणारी बाई हे म्हणत होती.

बारा जोड बूट पुसलेल्या फरशीवरून आत आले. काहीजण पलंगावर बसले, बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले. मोबाइल निघाले. मॅडमनी आमची जात इंग्रजीत सांगितली. मराठीत ती त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. वर्गात त्या "तुमच्यासारख्या मुलींनी" एवढंच म्हणायच्या. आई मधे बसलेली. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे न कळायला ती काय खुळी आहे?

एका मुलीनं विचारलं, तुम्हाला आमच्याकडून काय हवंय? मॅडमनी मराठीत सांगितलं, "मावशी, त्या विचारतायत, तुम्हाला काय पायजे?"

आई म्हणाली, "काय नको म्हणावं. फकस्त फुडच्या येळंला येताना आदी इचारून या."

मॅडम हसल्या. पाहुण्यांकडे वळल्या आणि इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, तुमचे पाय लागले, माझं घर धन्य झालं."

पोरीचे डोळे भरून आले. तिनं वहीत लिहून घेतलं.

मी शेजारीच उभी होते. मला इंग्रजी येत होतं. दुभाषी म्हणूनच मला उभं केलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. कारण सकाळीच मॅडम म्हणाल्या होत्या, "मे महिन्यात डेन्मार्कला दोघांना न्यायचंय. तुझं नाव यादीत आहे, लक्षात आहे ना?" लक्षात होतं. म्हणून आईचं बोलणं माझ्यासमोर मारलं गेलं आणि मी बघत राहिले. मॅडमचा राग नंतर आला. आधी स्वतःची किळस आली.

पण मे महिन्यात डेन्मार्कला गेले. खोटं कशाला बोलू, गेले.

चौदा दिवस. ऑफिसं बघितली, कागदी कपातली कॉफी प्यायलो, पत्रकं गोळा केली. मॅडम प्रत्येक इमारतीसमोर फोटो काढून घ्यायच्या आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकायच्या. एक दिवस तिथल्या नगरपालिकेची समाजसेविका आम्हाला एका बाईकडे घेऊन गेली. सरकारी मदतीवर राहणारी, एकटी. आठ दिवस आधी तिला पत्र पाठवून विचारलं होतं, तिनं या म्हटलं होतं. तरी दारात गेल्यावर बाईनं फटीतून आमच्याकडे बघितलं, काहीतरी बोलली आणि दार लावून घेतलं. समाजसेविका म्हणाली, "आज नको म्हणतायत. चला." झालं. आम्ही जिना उतरलो. कुणी बाईला समजावलं नाही, कुणी रागावलं नाही.

खाली सायकलींपाशी उभ्या राहून मॅडम म्हणाल्या, "बघा, काय डिग्निटी आहे!" आणि डायरीत लिहून घेतलं. त्यांची हीच तऱ्हा. कोल्हापूरपासून कोपनहेगनपर्यंत लिहून घेत जायचं आणि परत येऊन पुन्हा दुसऱ्याच्या अंथरुणाला हात घालायचा. मला मात्र त्या लावलेल्या दारासमोर घाम फुटला होता. पैसे नसलेल्या बाईलाही नको म्हणता येतं, आणि तेवढ्यावर आलेली माणसं खाली उतरतात. हे मला कुठल्या तासाला शिकवलं नव्हतं.

डिसेंबरात नवी तुकडी आली. मॅडम म्हणाल्या, "वस्तीभेट तुमच्याच घरी ठेवू. तुझ्या आईचे फोटो फार छान आले होते."

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "न्हाय."

बस कॉलेजच्या फाटकाशी उभी होती. पाहुणे चढलेले. त्यांचे प्राध्यापक पुढच्या सीटवर. मी बसमध्ये चढले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हटलं, "सर, माझ्या आईनं नको म्हटलंय. पण तुम्हाला विषमता शिकायचीय ना? मग आज मॅडमच्या घरी जाऊ. कसबा बावड्यात नवा बंगला आहे. भांडी कोण घासतं, त्या बाईला सुट्टी कधी असते, ती पाणी कुठल्या ग्लासातून पिते, सगळं विचारता येईल. मी भाषांतर करते. खरं करते."

प्राध्यापक खूश झाले. म्हणाले, कल्पना चांगली आहे. पोरांनी वह्या काढल्या.

मॅडमचा चेहरा उतरला. माझा दंड धरून दबक्या आवाजात म्हणाल्या, "अक्कल आहे का? माझं घर म्हणजे काय प्रदर्शन आहे?"

"आमचं हाय व्हय?"

एवढंच बोलले आणि बसमधून खाली उतरले.

फील्डवर्कला मला वर्गात सगळ्यात कमी मार्क पडले. शेरा होता, 'सहकार्याची वृत्ती नाही.' खरंय. असल्या कामात नाही, आणि येणारही नाही. डिग्री मिळाली ती तिसऱ्या वर्गाची. तीच घेऊन मी आमच्याच वस्तीत काम करतेय. बायकांना पहिली गोष्ट शिकवली ती दार लावायची.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा बस येईल. येऊ दे. गल्लीच्या तोंडाशी मी उभी असेन, आणि पहिला प्रश्न मी विचारणार: तुमची घरं कुठं आहेत, आणि आम्ही कधी बघायला येऊ?