टरबुजाच्या विमानाचं नाक

कोलार रोडवरच्या मराठी बायकांत मंदाताई मोघ्यांचा दरारा होता तो त्यांच्या सुरीमुळे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला टरबूज कोरावं तर मंदाताईंनीच. कमळ काढतील, परडी काढतील, एका वर्षी तर अख्खी पालखी काढली होती. चैत्र लागला की फोन सुरू व्हायचे, "ताई, आमच्याकडे कधी येता?" ताई आधी "बघते बाई, वेळ कुठाय" म्हणून भाव खायच्या आणि मग जायच्याच. मुलगी सोनाली लग्न होऊन इंदूरला, मिस्टर टीव्हीपुढे. वर्षभरात ताईंना कुणी विचारायचं ते याच दिवसांत.

यंदा सुमन हरदासचं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, पण टरबूज कोरायला या म्हणून फोन आला नाही.

सुमन म्हणजे बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरात असल्यापासूनची भिंतीला भिंत शेजारीण, मूळची नागपूरची. दोघींचे नवरे एकाच कारखान्यात, मुली एकाच वर्गात. सोनालीचा नंबर कायम वर, सुमनच्या जुईचा कुठेतरी मधेच. आणि आता बघा! सोनाली इंदूरला बँकेत खुर्ची उबवतेय आणि जुई परदेशात, नव्या विमानांच्या चाचण्या घेतेय. विमानांच्या! सुमनने ग्रुपवर जुईचा फोटो टाकला की मंदाताई निमूट अंगठा टाकायच्या आणि फोन गादीवर आपटायच्या. जीव जळायचा, अगदी उघड उघड जळायचा, फक्त त्या कुणाला सांगायच्या नाहीत.

सुमनकडच्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी ताईंना राहवलं नाही. विरजण मागायच्या निमित्ताने त्या तिच्याकडे गेल्या. गौरीपुढे टरबूज होतं. लांबट, आणि कोरलेलं. दुधीच्या फाकांचे पंख, मिऱ्यांच्या खिडक्या. विमान! कोरलं होतं जरा ओबडधोबड, पण विमान होतं खरं. नाकातून वीतभर लांब सुई बाहेर आलेली, लोकर विणायची, लाल-पांढरा कागद गुंडाळलेली.

"हे काय गं? विमान आहे की डास?" ताई म्हणाल्या.

सुमन हसली. "अहो ताई, हेच तर जुईचं काम! नवं विमान पहिल्यांदा उडवतात ना, तेव्हा त्याच्या नाकाला असा दांडा लावून राहिलेत ते. विमान आपल्याच अंगाने आजूबाजूची हवा ढवळतं, तिथेच मोजलं तर माप खोटं येतं. म्हणून पार पुढे, न ढवळलेल्या हवेत मोजायचं. वेग किती, वारा कुठल्या बाजूने येतो, सगळं. ते आकडे जुई तपासते."

"आणि मग? प्रवाशांना घेऊन उडतं तेव्हा तर कधी दिसला नाही असला भाला."

"चाचण्या झाल्या की काढून टाकतात."

"काढूनच टाकतात होय!" ताईंना काय बरं वाटलं म्हणून सांगू! विरजण न घेताच त्या घरी आल्या. पण रात्रभर डोळ्यांपुढे तेच विमान. माझ्याशिवाय कोरलं हिने. विचारलंसुद्धा नाही. मुलगी हिची पुढे गेली ती गेली, आता टरबूजही?

दुसऱ्या दिवशी ताई सगळ्यांच्या आधी पोचल्या, मदतीला म्हणून. सुमन आत पन्हं गाळत होती. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं, सुई उपटली, पर्समध्ये खुपसली आणि भोकावर चाफ्याचं फूल ठेवून दिलं. तशीही काढायचीच असते की!

बायका जमल्या. "अरे वा, प्लेन! बढिया!" म्हणून झालं आणि सगळ्या आंब्याच्या डाळीकडे वळल्या. सुमनने विमानाकडे दोनदा पाहिलं आणि डाळ वाढायला लागली. मंदाताईंनी डाळ दोनदा घेतली. खरंच सांगते, कित्येक दिवसांत त्यांना जेवण इतकं गोड लागलं नव्हतं.

तेवढ्यात जुईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे तिची दुपारची सुट्टी होती. सुमनने फोन आरासीपुढे धरला.

"आई, किती गोड गं! पण दांडा कुठाय?" जुईचा चेहरा उतरला. "तोच तर माझा होता. तो नसला तर हे कुठलंही विमान झालं. मी सगळ्यांना इथे बोलावलंय बघायला."

तिच्यामागे खरंच चार-पाच माणसं वाकून बघत होती. मंदाताईंची पर्स मांडीवरच होती, आणि सुई पर्सपेक्षा लांब. लाल-पांढरं टोक बाहेर डोकावत होतं.

सुमनची नजर फिरली आणि नेमकी तिथे येऊन थांबली.

आता ही बोलणार. सगळ्यांसमोर. यापुढे गल्लीत कुणाच्या दारात उभं राहायची सोय नाही. मंदाताईंनी मान खाली घातली.

"अगं, मीच काढून ठेवली," सुमन म्हणाली. "येता-जाता कुणाची साडी अडकली असती." मग ती मंदाताईंजवळ आली, "ताई, पदर घसरला तुमचा," म्हणत पदर ओढून पर्सवर सारखा केला आणि कपाटातून जोडीतली दुसरी सुई काढून त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच लावा. माझ्याने सरळ बसत नव्हती कालपण. विचारणारच होते तुम्हाला, पण मागच्या वर्षी तुमची बोटं किती दुखली ते पाहिलं होतं ना, म्हणून यंदा त्रास दिला नाही."

मंदाताईंनी सुई लावली. पहिल्याच खेपेला सरळ बसली.

"वा मावशी!" तिकडून जुई ओरडली. टाळ्या वाजल्या, इथेही आणि तिथेही. "हात म्हणजे मंदाताईंचा हात," कुणीतरी म्हणालं.

सुमनने त्यांना कुंकू लावलं, हरभऱ्यांनी ओटी भरली, पन्ह्याचा पेला हातात दिला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मंदाताई पेला धरून तशाच बसून राहिल्या. जुईचा हेवा त्यांनी वर्षानुवर्षं केला होता, तो निभावता येत होता. सुमनच्या त्या मोठ्या मनाचा हेवा मात्र त्यांना सोसेना.