हद्दीच्या दगडावर बसून घेतलेला चहा

‘माळरानातली काळविटं, तंबू आणि चुलीवरचं जेवण’ ही जाहिरात शेजारच्या शबानाभाभींनी मला दाखवली आणि आम्ही लगेच बुकिंग करून टाकलं. रविवारी सकाळी सहाला माझ्या स्कुटीवरून जुळे सोलापूर सोडलं. दुपारच्या जेवणाचं तुमचं तुम्ही बघा, असं घरात सांगून निघण्याचा आनंद वेगळाच!

मंगळवेढ्याचा रस्ता झकास आहे. तो सोडल्यावर शेवटचे चार किलोमीटर मात्र नुसती खडी. मागे बसणाऱ्याने उतरून चालायची तयारी ठेवावी. भाभी दोनदा उतरल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अब तू उतर, मैं चलाती."

कॅम्प म्हणजे वाळल्या माळावर हिरवंगार लॉन, दहा-बारा तंबू आणि कुलूपबंद लोखंडी गेट. हॅट घातलेल्या मॅनेजरने स्वागताचा चहा दिला. पांढऱ्या रंगाच्या एका बुटक्या दगडावर गुबगुबीत उशी होती. मी तिथेच ठाण मांडलं.

इतक्यात गेटवर एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. तिचं नाव मलकव्वा.

"वाट सोडा की. पल्याड तळं हाय."

"मावशी, ही प्रायव्हेट जागा आहे," मॅनेजर म्हणाला.

"कालपत्तुर जंगल हुतं, आज पायवेट झालं व्हय? चार म्हैनं वळसा घालून पानी पाजतीय. दोन करडं वाटंत मेली माजी."

चहा घेणारे बाकीचे पाहुणेही गेटपाशी जमले.

"जंगल कुंपणाच्या बाहेर आहे," मॅनेजर म्हणाला.

"मग हद्दीचा दगड कुटं हाय? त्याच्यावर बसून भाकरी खायची मी."

"असला दगड इथं नाहीच."

मलकव्वाने गजांतून आत पाहिलं. आधी लॉनकडे, मग थेट माझ्याकडे.

"बाई, जरा उटा की."

मी उठले. भाभींनी उशी काढली आणि स्कुटीच्या किल्लीने रंग खरवडला. खाली कोरलेला वनखात्याचा नंबर निघाला. सगळ्या पाहुण्यांचे मोबाईल एकदम बाहेर आले. मी मात्र कप कुठे लपवावा या विचारात!

भाभींनी वनखात्याला फोन लावला. तेवढ्यात कुणीतरी मॅनेजरच्या टेबलावरची किल्ली घेऊन गेट उघडलं आणि शेळ्या लॉनवर तुटून पडल्या.

"अहो, लॉन! लॉन!" मॅनेजर ओरडला.

भाभींनी शांतपणे जाहिरात वाचून दाखवली, "‘प्राणी अगदी जवळून पाहा.’ देख रहे हैं ना!"

तासाभराने वनरक्षक आले. मोजणीत गेट, लॉन आणि निम्मे तंबू जंगलाच्या जागेत निघाले. पंचनामा झाला, कुलूप कायमचं निघालं. तंबू अजून हलले नाहीत. कॅम्पचा मालक कोर्टात गेलाय. पण शेळ्यांची वाट मोकळी झाली.

काळविटं त्या दिवशी मलकव्वानेच दाखवली, तळ्याच्या पलीकडे. "गप ऱ्हावा, लई भित्री हायती," एवढाच तिचा नियम. मग तिची भाकरी आणि आमची शेंगाचटणी, असं जेवण बाभळीखाली झालं. जायचं असेल तर वनखात्याला विचारून जा, हिवाळ्यात सकाळी लवकर जा आणि पाणी घरून न्या.

घरी आल्यावर हसून हसून पोट दुखलं, पण एक गोष्ट टोचत राहिली. बुकिंग करताना जागा कुणाची, हे मी विचारलंच नव्हतं. मलकव्वाची वाट अडवून ठेवण्याचे पैसे मीही भरले होते. म्हणून कॅम्पच्या पानावर प्रामाणिक अभिप्राय लिहिला: ‘जागा सुंदर आहे. आपल्या सगळ्यांची आहे. तंबू तेवढे हलवा.’

पाच मिनिटांत आपोआप उत्तर आलं: ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. यावर लवकरच अंमल करू.’