हिरव्या शाईतली पंचमी

आम्ही तिघी कुठेही भेटलो की थोड्याच वेळात गाडी आभाच्या कॅलेंडरवर येते. परवा एका लग्नात भेटलो, तर नवरी मांडवात यायच्या आत चार किस्से होऊन गेले. असे किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. खोलीतल्या खुर्चीवर धुतलेले कपडे साठतात तसे ते साठतात, आणि एक ओढायला जावं तर सगळा ढीग अंगावर येतो. आता ओढलाच आहे, तर ऐका.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी शालूकाकूंच्या घराची वरची खोली आम्ही घेतली होती. मी धारची, आभा बागलीची, रक्षा मनावर गावची. तिघी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. आभा आणि मी मराठी घरातल्या. रक्षा हिंदीत बोलायची, आम्हालाही 'भिया' म्हणजे भैया म्हणत; आम्ही मराठीत, आणि भांडण मात्र माळवीत व्हायचं. तसं आमचं मराठीही बोलण्यापुरतंच, शाळा हिंदीतली. मराठी वाचायला दिलं की मी आजही दर ओळीला अडखळते.

* * *

आभाने खोलीत पाऊल टाकलं तेच बगलेत कॅलेंडर घेऊन. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने फुकट दिलेलं, हिंदी, मोठमोठ्या चौकोनांचं. गादी उलगडायच्या आधी तिने खिळा मागितला. लाल पेन परीक्षेचं, निळं अभ्यासाचं, हिरवं घरच्या कामाचं. संध्याकाळपर्यंत आमच्या आंघोळीसुद्धा चौकोनात बसल्या होत्या.

रक्षाने ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "भिया, ये कमरा है कि रेलवे स्टेशन?"

सकाळचा पहिला तास तिघींचा अभ्यास, असं ठरलं. पुस्तक उघडलं की खालून शालूकाकूंची हाक यायची, "मुलींनो, नळ आला गं." देवासात नळ आल्यावर पुस्तक घेऊन बसणारा माणूस अजून जन्मायचाय. बादल्या, घागरी, कुकर, जे हाताला लागेल ते भरायचं. आभाने काही दिवस नळाच्या वेळा पाहिल्या, त्यातला हिशेब काढला आणि नळालाही हिरव्या शाईत एक चौकोन दिला. दुसऱ्या दिवसापासून नळाने वेळ बदलली.

आभा रडकुंडीला आली. शालूकाकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, नळाला सांगितलंस का, की नुसतंच लिहिलंस?"

* * *

रक्षाची पद्धत वेगळी. आभाच्या धाकाने तिनेही फोनमध्ये कॅलेंडर सुरू केलं आणि आठवड्याभरात तिचा एकही चौकोन चुकेना. सगळीकडे बरोबरची खूण. आभाला आधी आनंद झाला, मग शंका आली. तिने फोन हिसकावून घेतला.

"रक्षा, हे तू संध्याकाळी लिहितेस?"

"हाँ. जो हो गया, वही लिखती हूँ. टेंशन ही नहीं."

आभा तिच्याशी संध्याकाळभर बोलली नाही. रक्षाने तेही लिहिलं आणि पुढे खूण केली.

* * *

माझं काय झालं ते सांगायला नको, पण सांगते. फोनचं कॅलेंडर घरच्यांना दाखवायची सोय असते. मी मोठ्या उत्साहाने धारला आईला तशी परवानगी दिली. वाटलं, तिला बरं वाटेल, लेक अभ्यास करतेय. ती नुसतं बघू शकेल असा माझा समज. तिला लिहिताही येत होतं.

सोमवारी माझ्या फिजिक्सच्या तासात एक ओळ उगवली, "केसांना तेल." मंगळवारी, "मावशीला फोन, तिचे गुडघे विचार." रविवारी मी मैत्रिणींबरोबर तलावावर जायचं ठरवून तिथे "लायब्ररी" लिहिलं होतं. त्याच्याखाली आईने लिहिलं, "लायब्ररीत स्वेटर घालून जा, पाण्यावर वारा असतो."

तिला कसं कळलं ते आजतागायत तिने सांगितलेलं नाही.

* * *

शालूकाकूंच्या घरचे कोणी एकेकाळी देवासच्या दरबारात होते, तिथल्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीकडे. काकूंचा काळ घड्याळात नव्हताच. न्हाणीतली तोटी कधी दुरुस्त करणार, असं विचारलं की म्हणायच्या, "संकष्टी होऊन जाऊ दे." कोणती, ते विचारायची सोय नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर होतं. सुनेच्या माहेरचे कोणी पुण्याहून दरवर्षी पाठवायचे. ते त्या पोथीसारखं वाचायच्या.

जन्माष्टमीच्या सुमाराला त्यांची आणि रक्षाची जुंपली. काकू म्हणाल्या, "श्रावण वद्य अष्टमी." रक्षा म्हणाली, "नहीं आंटी, भादों की अष्टमी." काकूंनी आपलं कॅलेंडर आणलं, रक्षा वरून आमचं घेऊन आली. दोन्ही बरोबर! मग काकूंनी समजावलं. आपला महिना अमावस्येला संपतो, रक्षाच्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं एकच असतं. वद्य पक्ष लागला की आपण मागच्या महिन्यात राहतो आणि शेजारी पुढच्या महिन्यात जातात. दिवस तोच, नाव वेगळं.

"मतलब आप लोग पंद्रह दिन लेट चलते हो," रक्षा म्हणाली. "चलो, लड्डू तो एक ही दिन मिलेंगे ना?"

आम्ही हसलो आणि विसरलो. आभा तेव्हा क्लासला गेली होती. नेमकी.

* * *

दिवाळीनंतर एकदा संध्याकाळच्या तिघी टेकडीवर गेलो होतो. खाली गावात दिवे लागत होते. रक्षाने सहज विचारलं, "तू इतना टाइम-टाइम क्यों करती है?" मला वाटलं, आभा चिडेल. ती पायरीवर बसली आणि बोलायला लागली.

तिचे बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती बारावीत असतानाच गेले. एवढं आम्हाला माहीत होतं. ते कसे होते, हे तिने पहिल्यांदा सांगितलं. बागलीला त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. माणूस भला, पण वेळेच्या नावाने पूज्य. वाटेत जो भेटेल त्याच्याशी बोलत उभे राहायचे. शाळेच्या गॅदरिंगला आभाचा नाच असायचा, आणि बाबा पोचायचे तेव्हा लोक खुर्च्या आवरत असायचे. घरात त्यांना नावच पडलं होतं, वरातीमागून घोडं.

"मला फार राग यायचा," आभा म्हणाली. "मी ठरवलं होतं की मी अशी होणार नाही."

आता माघात त्यांचं वर्षश्राद्ध होतं. भाऊ नाही, म्हणून ते मीच करणार असं तिने घरी सांगितलं होतं. आईची ना नव्हती. गुरुजीही तयार होते. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, एवढंच म्हणाले, "करू दे. पण पोरगी कॉलेजात, कशाकशात असणार. तिथी लक्षात राहिली आणि वेळेवर पोचली तर ती करेल. नाहीतर बारा वाजता मी बसेन."

"मी पोचणार," आभा म्हणाली. रक्षाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसानंतर कॅलेंडरवरून चेष्टा करणं आम्ही जरा कमी केलं.

* * *

डिसेंबरात मेडिकलवाल्याने नवं कॅलेंडर दिलं. आभाने त्यात सगळ्यात आधी हिरवा गोल केला. आईने सांगितलेली तिथी माघ वद्य पंचमी. आभाने चौकोनातलं बारीक हिंदी वाचलं, माघ कृष्ण पंचमी, आणि गोल केला. तारीख एवढी अलीकडे कशी आली, असं तिच्या मनात आलं होतं म्हणे. पण तिथ्या मागेपुढे सरकतातच, म्हणून सोडून दिलं.

त्या तारखेसाठी तिने कॉलेजातली टेस्ट आधी देऊन टाकली. आदल्या दिवशी देवासच्या बाजारातून काळे तीळ, दर्भ, पांढरी फुलं घेतली. आईला फोनवर नुसतं म्हणाली, "मी येतेय, सगळी तयारी केलीय, तू कसली काळजी करू नकोस." आईला वाटलं, लेक सुट्टीला येतेय.

पुढचं आभाने परत आल्यावर सांगितलं. सकाळी उपाशीपोटी ती दारात उभी राहिली. आईने दार उघडलं, पिशवीतून डोकावणारा दर्भ पाहिला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, "आलीस? बरं झालं. आधी आंघोळ कर." गुरुजी नाहीत, काका नाहीत. आभाने विचारलं तर आई म्हणाली, "येतील. तू पाट मांड." मग आईने, वाल भिजवलेले नव्हते म्हणून वालाची उसळ सोडून, बाकी सगळा बाबांच्या आवडीचा स्वयंपाक केला. वडे, खीर, आमसुलाची चटणी. एक पान वाढून बाबांच्या फोटोसमोर ठेवलं. दोघींनी नमस्कार केला. आणि आई म्हणाली, "जेव आता."

जेवता जेवता आभाची नजर फडताळाच्या दारावरच्या मराठी कॅलेंडरकडे गेली. तिथे आईने पंचमीला कुंकवाचं बोट लावलं होतं. पान पुढच्या महिन्याचं काढून ठेवलेलं होतं; आभाने गोल केलेली पंचमी हिंदी माघाची, महिनाभर आधीची होती.

"आई, तुला माहीत होतं?"

"तुझी पिशवी पाहिली तेव्हाच कळलं."

"मग सांगायचं ना गं."

आईने तिला आणखी खीर वाढली. म्हणाली, "जन्मभर प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचला तुझा बाप. एकदा महिनाभर आधी जेवायला बोलावलं, तर बिघडलं काय?"

हे सांगताना आभा हसत होती आणि डोळे पुसत होती. रक्षाला मी तो संवाद हिंदीत सांगितला. ती उठून चहा ठेवायला गेली.

* * *

खरी पंचमी पुढच्या महिन्यात आली. आभाने हिरवा गोल केला, तर त्या चौकोनात आधीच लाल शाई होती. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. बाहेरगावचे परीक्षक, बॅच बदलायची नाही. तिने सरांना दोनदा विनवलं. सर म्हणाले, "सकाळची बॅच आहे बेटा, लवकर सुटशील."

त्या दिवशी ती सकाळपासून उपाशी. शालूकाकूंनी पोहे वर पाठवले, ते तसेच राहिले. काकूंना कारण कळलं तेव्हा त्यांनी पोहे परत नेले आणि देवापुढे दिवा लावला. आभाने सगळं बसवून ठेवलं होतं, प्रॅक्टिकल संपताच बस, बारापर्यंत बागली. आम्ही दोघी तिच्याबरोबर जाणार होतो.

परीक्षकच उशिरा आले. आले ते चहा घेत बसले. आभा हातात ब्युरेट धरून उभी. सुटलो तेव्हा आमची बस निघून गेली होती. पुढची मिळाली, ती वाटेतल्या हाटपिपल्याला जाऊन जी थांबली, ती भरेपर्यंत हलेना. रक्षाने कंडक्टरला सांगितलं, "भिया, इसके पापा का काम है, चला दो." तो म्हणाला, "बाई, पाँच सवारी और."

तिथेच बारा वाजले. आभाने फोन काढून घरी लावला, कोणी उचलला नाही. मग तिने फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. "काका बसले असतील आता," एवढंच म्हणाली. मी तिचा हात धरला.

बागलीत उतरलो तेव्हा दुपार कलायला आली होती. आभा जवळजवळ पळतच निघाली, आम्ही मागे. घरात शिरलो तर पाट रिकामा होता. तीळ, दर्भ, पिंडांचा भात, सगळं झाकून ठेवलेलं. आई स्वयंपाकघराच्या दारात. गुरुजी ओसरीवर पंचांगाने वारा घेत होते आणि काका भिंतीला टेकून बसले होते, तोंड उपाशी माणसाचं.

"या," गुरुजी म्हणाले. "मी बारापासून यांना सांगतोय, तुम्ही बसा. ऐकत नाहीत. आता वेळ थोडाच राहिलाय."

आभा दारातच थांबली. "काका, बस भरत नव्हती. परीक्षक पण... मी सगळं लिहून ठेवलं होतं."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"दादाचीच लेक," ते म्हणाले. "जा, आंघोळ करून ये. पान खोळंबलंय त्याचं."