काकूंनी पाळलेलं पथ्य

वैद्यकाकांचा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. छातीत जळजळ, आंबट ढेकर अशी तक्रार घेऊन कुणी आलं की काकांची कळी खुलायची. अम्लपित्त म्हणजे त्यांचा हातखंडा विषय. पुडी नंतर, आधी जेवणाची झाडाझडती. लोणचं बंद, मिरची बंद, उपाशीपोटी चहा तर अजिबात नाही. जुना तांदूळ, मूग, दुधी, भिजवलेल्या मनुका. आणि दुपारी बाराला पानावर बसायचंच, मग आभाळ का कोसळेना. एका शिंप्याने कामाची सबब सांगितली, तर त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. पोट म्हणजे काय तुमचं गिऱ्हाईक आहे का, थांब म्हटलं की थांबायला?

स्वतः काका शेवटचा रोगी गेल्यावर जेवत. दोन वाजत, कधी तीन. त्यांना दगडही पचत. काकू त्यांच्यासाठी थांबत आणि भूक मारायला चहा घेत. पुढे जळजळ सुरू झाली, तेव्हा दाराआडून ऐकलेलं पथ्य त्यांनी गुपचूप सुरू केलं. लोणचं सोडलं, मनुका भिजवल्या. तोंडातून मात्र अक्षर काढलं नाही. वैद्याच्याच बायकोला अम्लपित्त म्हटल्यावर लोक हसले असते. जेवणाची वेळ तेवढी त्यांना पाळता आली नाही, कारण ती त्यांच्या हातात नव्हती.

एके सकाळी काकूंना रक्ताची उलटी झाली. मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी विचारलं, यांचं जेवण वेळेवर असतं का? काका हो म्हणणार, तेवढ्यात लेक बोलली.

"बाबांचं आटपल्यावर जेवते ती. तोवर नुसत्या चहावर."

काकांना हे चाळीस वर्षं माहीत नव्हतं. माहीत नव्हतं कसलं, त्यांनी विचारलंच नव्हतं. शरमेने त्यांना मान वर करवेना. खाटेशी बसून ते म्हणाले, "अगं, एकदा सांगायचंस तरी."

"तुमचे रोगी ताटकळले असते," काकू म्हणाल्या.

पोटातला व्रण फुटला होता. रक्त थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी काकू गेल्या.

आता काका बाराच्या ठोक्याला दवाखान्यातून उठतात. घास घशाखाली उतरत नाही, तरी पानावर बसतात. बाहेर बाकावर रोगी थांबतात. कुणी कुरकुरत नाही, कुणी उठूनही जात नाही.