राजूरच्या मेजावरची निळी फौज

चार माणसं दर रविवारी एका मेजाभोवती बसली की किस्से आपोआप साठतात, जपून ठेवावे लागत नाहीत. साठ सालाच्या आसपास मी राजूरच्या कोळसा खाणीत, सर्व्हे ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. बाकीचे लोक सुट्टीला पत्ते कुटायचे. आम्ही लढाया करायचो! मेजावर, बोटभर उंचीच्या शिपायांच्या. आता असे शिपाई राजूरला मिळायचे कुठे? मिळतच नव्हते. सगळी मजा तिथूनच सुरू झाली.

* * *

देवतळे हवालदार खाणीच्या गेटवरचे मुख्य पहारेकरी. महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आलेले. एकदा ऑफिसच्या अंगणात कोणीतरी बोललं, "लढाईत काय असते? जास्त मानसं असली का जिंकलं!"

हवालदार तिथेच रेतीत उकिडवे बसले. रेतीची टेकडी केली, काठीनं नदी ओढली. काडेपेट्या म्हणजे तोफा, चुन्याच्या डब्या म्हणजे पलटणी. सैन्यात त्यांचे साहेब असंच रेतीवर समजावून सांगत. अर्ध्या तासात पाच डब्यांनी बारा डब्या नदीत लोटल्या!

सगळे उठले. शाळेतले ताकसांडे मास्तर उठेनात. अंगानं सडपातळ, बोलणं कमी.

"हवालदारसाहेब, हे आपल्याले दर रविवारी खेळता येईन काय?"

"असं नाई जमत मास्तर. नियम लागते, मेज लागते, फौज लागते फौज!"

"नियम तुमी लिहा. मेज यायच्या घरी हाय. फौज मी उभी करतो."

'यायच्या' म्हणजे माझ्या. मला कोणी विचारलंसुद्धा नाही!

* * *

पहिली फौज काळ्या मातीची. साठ शिपाई, प्रत्येकाच्या खांद्यावर खराट्याच्या काडीची बंदूक. मास्तरांनी ते शाळेच्या पायरीवर वाळत घातले. महिना मे!

दुपारी बघतो तर कोणाला हात नाही, कोणाला पाय नाही, उरलेले उभे चिरलेले. हवालदारांनी वाकून पाहणी केली.

"मास्तर, दुश्मन येन्याआधीच तुमची फौज उनानं मेली!"

मास्तरांनी सगळे तुकडे गोळा केले आणि बादलीत भिजत घातले. "भरती पुन्हा सुरू," एवढंच म्हणाले.

तीनदा भिजवली. तीनदा तडकली.

* * *

घोडदळाचा प्रश्न आला. तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते लाकडी बैल आमच्याकडे हवे तेवढे. मास्तर दहा लहान बैल घेऊन सुताराकडे गेले. शिंगं कापा, वशिंड तासा, मान जरा लांब दिसू द्या!

सुतार दोन दिवस खपला. नग मेजावर आले. हवालदार चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

"गुरुजी, हे घोडे हल्ला कराले जातीन, का वखराले?"

"जे सांगन ते करतीन," मास्तर म्हणाले. नियमांच्या वहीत त्याच दिवशी नवीन ओळ आली : मास्तरांचे घोडे इतरांच्या घोड्यांपेक्षा हळू चालतील, पण मागे फिरणार नाहीत!

* * *

शेवटी शिसं. खाणीच्या वर्कशॉपमधले बशीर मिस्त्री आमच्यात आले, मॅनेजरसाहेबांना विचारून निकामी बॅटऱ्यांमधलं शिसं मिळालं. मातीचा साचा केला, शिसं वितळवलं, ओतलं. साचा फोडला तर शिपाई छान उभा. बंदूक आहे, पट्टा आहे, बूट आहेत. मुंडकं नाही!

बशीर मिस्त्री हिरमुसले. "मास्टरजी, फेकून देऊ का?"

हवालदारांनी तो उचलून नीट न्याहाळला. "कायले फेकता? याले ऑफिसर करू!"

अठरावा साचा जमला. मास्तरांच्या बोटांवर तोवर सात फोड होते. एकोणिसावा त्यांनी लगेच लावला.

* * *

रंगवायचं काम माझ्या बायकोनं, सुमननं, अंगावर घेतलं. हवालदारांची फौज खाकी. मास्तरांना निळी हवी. तसा रंग इथं मिळेना, म्हणून सुमननं कपड्यांची नीळ डिंकात कालवली. एकेक शिपाई काडीच्या टोकानं रंगवला. मास्तरांच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. निळा का, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

हवालदारांनी फक्त फौजी सल्ला दिला. "मास्तर, निळी वर्दी लांबून दिसते. दुश्मनाले नेम धराले सोपी!"

"दिसू द्या!" मास्तर म्हणाले.

* * *

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. एका रविवारी घरमालक जिन्यात आडवे आले. "बाकीचे या, मास्तर वर नको."

मास्तरांच्या हातात फौजेची पेटी. माझ्या तोंडून शब्द फुटेना. याची लाज मला आजही वाटते. बोलली सुमन.

"मग मेजच खाली येईन!"

हवालदार गरजले, "मेज उचला!" मी, बशीर मिस्त्री, हवालदार आणि पदर खोचून सुमन, चौघांनी माझं ड्रॉइंगचं मेज जिन्यावरून उतरवलं. घरमालक बावरले. "अहो, कुठं चालले?"

"मैदान बदलून राह्यलो!" हवालदार म्हणाले.

त्या दिवसापासून लढाया चौकातल्या कडुनिंबाखाली. पाळी सुटलेले खाणकामगार काळ्या तोंडानं भोवती उभे राहायचे. चौथ्या रविवारी गर्दीच्या मागून टाचा उंचावून कोणीतरी विचारलं, "निळे जिंकून राह्यले काय?"

बघतो तर घरमालक! मास्तरांनी मान वर न करता उत्तर दिलं, "अजून नाई. या, पुढं या, तिथून दिसनार नाई तुमाले."

* * *

पण निळे कधी जिंकलेच नाहीत. हवालदार लढून आलेला माणूस, मास्तर पुस्तकातून शिकलेले. सलग अकरा लढाया मास्तर हरले. बाराव्या लढाईत तर फारच वाईट. दुपार कलायच्या आत सगळी निळी फौज आडवी, आणि मेजावर एकच निळा शिपाई उभा. समोर खाकीच्या दोन रांगा आणि तोफा.

"मास्तर, हत्यार ठेवा आता. एकटा मानूस काय करन?"

"चाल माही हाय," मास्तर म्हणाले आणि शिपाई वीतभर पुढे सरकवला.

हवालदारांनी फासा टाकला. सहा पडला तर शिपाई मेला. दोन पडला.

मास्तरांनी आणखी वीतभर सरकवला. फासा. चार. शिपाई खाकीच्या पहिल्या रांगेत शिरला. फासा. पाच! दुसऱ्या रांगेतून पार. फासा. एक. तोफांच्या मागे गेला. हवालदारांनी फासा मुठीत बराच वेळ खुळखुळवला आणि टाकला. तीन.

मास्तरांनी शिपाई मेजाच्या पार दुसऱ्या कडेला नेऊन ठेवला. मग उचलला, सदऱ्याच्या बाहीनं पुसला आणि खिशात घातला.

"अहो, चालला कुठं हा?" हवालदार ओरडले.

"पुढच्या गावाले," मास्तर म्हणाले. "तिथं फौज उभी कराची हाय."