चोपड्याच्या शाफ्टातली भेग

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावला, पिंप्राळ्यात राहायचो आणि कारखान्यांतले लोखंडी भाग तपासायचो. लोखंडाला तेल लावून त्यावर एक डबी टेकवायची. तिच्यातून आपल्या कानाला न ऐकू येणारा आवाज आत जातो. भेग असली की तिथूनच परततो, आणि यंत्राच्या हिरव्या पडद्यावर एक टोक उभं राहतं. लोखंडाच्या पोटातलं दिसायचं हो — त्याचं मला वेडच होतं.

चोपड्याला एका जिनिंगमध्ये मी हंगामात दर महिन्याला जायचो. कापसाची सगळी यंत्रं एकाच लांब शाफ्टावर फिरायची. त्याला तेलपाणी करायचे सुपडूभाऊ, पन्नाशीचे. शाफ्ट थांबवून, पुसून द्यायचे आणि माझ्याशेजारी उभे राहायचे.

पौषात टोक दिसलं. बारीकसं. आत भेग होती.

"बठ्ठं बराबर शे ना, भाऊ?" सुपडूभाऊंनी विचारलं.

"बराबर शे," मी म्हणालो.

का? मालकाचा दबाव नव्हता. मला फक्त बघायचं होतं — भेग वाढते कशी? सापडली की लोक शाफ्ट बदलून टाकतात. जिवंत भेग कोण बघू देतं? एकच महिना, असं ठरवलं. पुढच्या खेपेला टोक दुप्पट झालेलं. मी हरखलो — हो, हरखलो — आणि अहवालात पुन्हा 'दोष नाही' लिहिलं.

तिसऱ्या खेपेआधी शाफ्ट तुटला. सुपडूभाऊ जवळच होते. उजवा हात कोपरापासून गेला.

त्यांना जळगावच्या दवाखान्यात आणलं होतं, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी आधी कुठे गेलो असेन? चोपड्याला. तुटलेलं तोंड बघायला. जुनी भेग काळपट पडली होती, नुकता तुटलेला भाग चकाकत होता. मी पट्टी लावून जुनी भेग मोजली. ती किती वाढली असेल याचा माझा अंदाज बरोबर निघाला होता — आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. माझा उतरलेला चेहरा बघून सुपडूभाऊच माझी समजूत काढायला लागले.

"मशीनलेच दखायनं नही, भाऊ. मंग तू काय करशी?"

मी मान डोलावली.

ते पुढे बारा-तेरा वर्षं जगले. त्यांना शेवटपर्यंत तेच खरं वाटत राहिलं.